एका कडव्याचा उजेड

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांची छपरं बहुतेक पत्र्याची, आणि जुना पत्रा म्हटला की खिळ्यांची भोकं आलीच. एप्रिलमधल्या एका दुपारी मी शाळेतल्या मुलांसाठी शाडूची माती मागायला अशाच एका कारखान्यात गेले होते. आत पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेल्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं बसलेल्या होत्या. त्यातल्या एकीच्या पोटावर पाणीपुरीच्या पुरीएवढा एक कवडसा पडला होता. अगदी वाटोळा. वर पाहिलं, तर पत्र्यातलं भोक चांगलं लांबट आणि फाटलेलं. तेवढ्यात उन्हावर ढग आला, आणि त्या कवडशाच्या कडेनंही एक काळसर पट्टा आत सरकू लागला. आकाशात ढग ज्या बाजूनं येत होता, त्याच्या बरोबर उलट बाजूनं.

कवडसा म्हणजे भोकाचा आकार नव्हे, ते सूर्याचं चित्र असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. इब्न अल-हैथमनं हजार वर्षांपूर्वी ग्रहणातल्या सूर्याची कोर छिद्रातून कशी उमटते, यावर ग्रंथ लिहिला होता, हेही ठाऊक होतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते, ती तर मी सहलीच्या मुलांना घेऊन डोळ्यांनी पाहिली होती. पण गणपतीच्या पांढऱ्या पोटावर ढगासकट सूर्य पाहिला तेव्हा प्रथमच वाटलं, की हे धरून ठेवता येईल. गणितही सोपं आहे. सूर्याच्या कवडशाचा व्यास भोकापासूनच्या अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढा असतो. छप्पर चार मीटर उंच असेल तर पावणेचार सेंटिमीटर. मी घरी येऊन वहीत मांडलं आणि त्या संध्याकाळी बिस्किटांचा एक गोल डबा रिकामा केला.

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते, स्थिरचित्र आणि स्मरणचित्र घोटून घेते. फोटोग्राफी माझा विषय नाही. कदाचित म्हणूनच भिंग नसलेला कॅमेरा मला आपला वाटला. त्यात जे काही आहे ते हातानं केलेलं असतं.

डबा कुठलाही चालतो, झाकण मात्र घट्ट हवं. आतून फळ्याचा काळा रंग द्यायचा, म्हणजे उजेड आतल्या आत उसळत नाही. डब्याच्या पोटाला बोट जाईल एवढं भोक पाडायचं आणि त्यावर आतून शीतपेयाच्या कॅनच्या पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवायचा. खरं छिद्र त्या तुकड्यात. ते सुईनं आरपार टोचायचं नाही. पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून सुई नुसती दाबायची, मागे फुगवटा आला की तो बारीक पॉलिशपेपरनं घासायचा, पुन्हा दाबायचं, पुन्हा घासायचं. कडेला जरा जरी कोर राहिली तरी चित्र मातकट येतं. छिद्र जितकं लहान तितकं चित्र रेखीव, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. त्याच्या खाली गेलं की उजेड कडांवरून पसरतो आणि चित्र पुन्हा मऊ पडतं. ही मर्यादा कुठली, त्याचं सूत्र लॉर्ड रॅलेच्या नावानं सांगतात. माझ्या डब्यात छिद्रापासून कागदापर्यंतचं अंतर १०० मिलिमीटर होतं. त्याला छिद्र पाऊण नाही, अर्धा नाही, ०.४५ मिलिमीटरचं हवं. नववं छिद्र तसं जमलं. आधीची आठ मी अजून एका पाकिटात जपून ठेवली आहेत, मुलांना दाखवायला.

डब्यात फिल्म नाही, कृष्णधवल फोटोपेपर वाकवून बसवायचा. फोटोपेपर फार आळशी असतो. साध्या फिल्मचा वेग १०० धरला तर याचा ६ च्या आसपास. त्यामुळे कडक उन्हातही छिद्रावरचं चिकटपट्टीचं झाकण अर्धा-पाऊण मिनिट उघडं ठेवावं लागतं, सावलीत पाच-सात मिनिटं. पण त्याचा एक मोठा फायदा आहे, त्याला लाल उजेड दिसत नाही. न्हाणीघराच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि लाल दिवा लावला की अंधारखोली तयार. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत बसलं की एका मिनिटात पांढऱ्यावर काळं उगवू लागतं. उजेड तिथे काळं, सावली तिथे पांढरं, डावं ते उजवं. ही कागदी निगेटिव्ह. ती वाळवून दुसऱ्या कोऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवायची, वरून काच, आणि क्षणभर दिवा. मग सुलट चित्र मिळतं.

कोकणातल्या मे महिन्यात या कामाला एक वेगळीच अडचण येते. डेव्हलपर वीस अंशांवर नीट चालतो आणि आमच्या नळाचं पाणी दुपारी बत्तीसवर असतं. कागद भराभर काळा पडतो, करडे रंग उमलायच्या आधीच. मी ट्रे माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवू लागले आणि काम पहाटे चारला सुरू करू लागले. लाल न दिसण्याचा दुसरा परिणामही मला कारखान्यातच कळला. गणपतीचं लाल पितांबर चित्रात काळं येतं, शेंदरी शेला काळा, जास्वंद काळी, आणि निळा मोरपंखी रंग मात्र पांढराफटक. रंगवलेल्या मूर्तीचं चित्र पाहून आपण ओळखीच्या माणसाला परक्या वेषात पाहतोय असं वाटतं. म्हणून सुरुवातीला मी कच्च्या आणि पांढऱ्या मूर्तींकडेच वळले.

मालकांनी, त्यांना सगळे दादा म्हणतात, कोपऱ्यात डबा ठेवायला हरकत घेतली नाही. "बाई, कोणाच्या पायात येऊ नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. शेडमध्ये उजेड दारातून येतो तेवढाच. बाहेर पाऊण मिनिटात होणारं चित्र आत दीड-दोन तास घेतं. मी डबा विटेवर ठेवायची, पट्टी काढायची आणि शाळेत जायची. मधल्या सुट्टीत येऊन पट्टी लावायची. पहिल्या उन्हाळ्यात अशी चाळीसेक चित्रं झाली. त्यातली सोळा मला पटली. फळ्यांच्या ओळी डब्याच्या गोलाईमुळे धनुष्यासारख्या वाकलेल्या, त्यावर मूर्तींची गर्दी, दारातून येणारा उजेड जमिनीवर सायीसारखा पसरलेला. एका परिचितांच्या ओळखीनं मुंबईतल्या एका लहान कलादालनात ती आठवडाभर मांडता आली.

तिथे तिसऱ्या दिवशी एक वयस्क गृहस्थ एकेका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांना चित्रं मनापासून आवडली होती, ते दिसत होतं. जाताना त्यांनी विचारलं, "कारखाना बंद असताना गेला होतात का? किती शांत आहे सगळं."

कारखाना बंद नव्हता. ज्या दिवशी त्यांच्या समोरचं चित्र घेतलं, त्या दिवशी आत चौदा माणसं होती. कोणी साच्यातून मूर्ती काढत होतं, कोणी जोड बुजवत होतं, बायका पॉलिशपेपरनं अंग घासत होत्या, धूळ उडत होती, रेडिओ चालू होता. दोन तासांच्या उजेडात ती सगळी पुसली गेली. हलतं ते कागदावर ठरत नाही, हे मला तांत्रिकदृष्ट्या ठाऊक होतंच. पण त्या प्रश्नानंतर मी माझ्याच सोळा चित्रांकडे पाहिलं आणि मला ती पाहवेनात. देव उरले होते आणि देव घडवणारे हात एकाही चित्रात नव्हते.

फोटोग्राफीच्या अगदी आरंभापासून हे चालत आलं आहे. दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचं चित्र घेतलं, बुलेव्हार द्यू ताँप्लचं. गाड्या, घोडे, माणसं सगळी नाहीशी झाली. उरला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याचा अंधुक आकार. हे चित्र मी वर्गात अनेकदा दाखवलं होतं, गंमत म्हणून. त्या रात्री परतीच्या एसटीत त्याचा अर्थ मला वेगळा लागला. जो थांबू शकतो तो चित्रात येतो. ज्याला काम थांबवणं परवडत नाही तो येत नाही.

मोबाइलवर हजार फोटो काढता आले असते. मुलांनी सुचवलंही. पण मला ती माणसं त्याच छिद्रातून, त्याच आळशी कागदावर यायला हवी होती. ज्या उजेडानं त्यांना वगळलं त्याच उजेडानं त्यांना आणायचं, असा हट्टच होता तो. मग एकच वाट उरली: हात वेगळे घ्यायचे, बाहेर अंगणात, उन्हात, आणि कापून त्यांच्या जागी बसवायचे.

आपल्याकडे फोटो कापून जोडणं काही नवीन नाही. घराघरांत आजी-आजोबांची ती एकत्र तसबीर असते, ज्यात दोघं आयुष्यात कधी एकत्र फोटोला बसलेलेच नसतात. स्टुडिओवाल्यानं दोन फोटो जोडून मागे एकच पडदा रंगवलेला असतो. नाथद्वाऱ्याच्या मनोरथ चित्रांत मध्ये श्रीनाथजी, दोन्ही बाजूंना हात जोडलेलं कुटुंब, कपडे-दागिने सगळे रंगवलेले आणि चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. मुंबईत विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज' या नावाचे दोन खंड काढले, त्यातही माणसांचे गट आणि मागचे देखावे वेगवेगळ्या निगेटिव्हमधून जोडलेले आहेत. ती कारागिरी थक्क करणारी आहे. पण मला त्यातली माणसं नेहमी ताटकळलेली वाटतात. त्यांना त्यांच्या जागेवरून उचलून, एका देखाव्यापुढे, जातीच्या नावाखाली उभं केलं आहे. मला नेमकं उलट करायचं होतं. ज्याची जागा त्याला परत द्यायची होती.

उन्हात हात पाऊण मिनिट स्थिर धरावा लागतो, हे सांगायला सोपं आहे. मी मोठ्यानं आकडे मोजत होते आणि पंचविसाच्या पुढे प्रत्येकाचा हात थरथरायचा. घासकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आकडे नको बाई, आरती म्हणा. आरतीला हात आपसूक जुळून राहतात." गणपतीच्या आरतीचं पहिलं कडवं ध्रुपदासकट आमच्याकडच्या चालीत बरोबर पाऊण मिनिट घेतं. तेव्हापासून तेच आमचं माप झालं. ऊन असेल तर एक कडवं, ढग आला तर दोन, संध्याकाळी तिन्ही. कारखान्याच्या अंगणात भर दुपारी एक जण पॉलिशपेपर धरून पुतळ्यासारखा उभा आणि बाकीचे सगळे हळू आवाजात आरती म्हणतायत, असे कितीतरी दिवस गेले. त्या पाऊण मिनिटांचा कोणाच्या मजुरीवर परिणाम होऊ नये म्हणून आम्ही जेवणाच्या सुट्टीतच काम करायचो. तरी तो वेळ त्यांच्या विश्रांतीतूनच येत होता, हे मी विसरले नाही.

कापायला मी ब्लेड वापरते, कात्री नाही. कात्रीनं कागद दबतो आणि कडा चमकते. हाताच्या मागचा उजेड थोडा ठेवून कापायचा, अगदी बोटाला लागून नाही, म्हणजे चिकटवल्यावर तो हात उपरा वाटत नाही. चिकटवायला गव्हाची खळ, पातळ, गाळलेली. इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती महागात पडली. जाड कागदाच्या प्रती चित्र पक्कं करणाऱ्या हायपोतून काढल्यावर तासभर वाहत्या पाण्यात धुवाव्या लागतात. आमच्याकडे मे महिन्यात नळाला पाणी दिवसातून थोडाच वेळ. मी धुणं आवरतं घेतलं. श्रावण येईपर्यंत पहिल्या सहा कोलाजांवर पिवळट-तपकिरी डाग चढले, आणि खळीच्या वासानं कसर लागली ती वेगळीच. ज्यांनी ते हात दिले होते त्यांच्याकडे मी पुन्हा गेले, झालं ते सांगितलं, आणि पुन्हा कडवी म्हटली. कोणीही नाही म्हणालं नाही. तेव्हापासून प्रती मी विहिरीच्या पाण्यात सहा बादल्या बदलून धुते आणि पावसाळ्यात खळीला हात लावत नाही.

या सगळ्यात एक चित्र वेगळं निघालं, माझ्या योजनेत नसलेलं. कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे मामा आहेत. त्यांचं आयुष्य डोळे आखण्यात गेलं. बाकी सगळे उठतात, वाकतात, मूर्ती उचलून नेतात. मामा दाराशी पाटावर बसतात ते जेवायलाच उठतात. मूर्ती त्यांच्यापुढे आणून ठेवली जाते, डोळे झाले की उचलली जाते, दुसरी येते. कुंचला टेकवताना ते श्वास धरतात, शेजारी कोणी चालायचं नाही. एका दुपारी मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. दोन तासांत त्यांच्यापुढून अकरा मूर्ती गेल्या.

ट्रेमध्ये ती निगेटिव्ह उगवली तेव्हा मला ती वाचताच येईना. वाळवून सुलट प्रत काढली. मामा होते. पाट, मांडी, गुडघे, वाकलेली पाठ अगदी रेखीव, चेहरा थोडा मऊ, तरी ओळखू येईल असा. आणि त्यांच्यापुढे गणपतीच्या आकाराचं पांढरं धुकं. एकाच साच्यातल्या अकरा मूर्ती एकीत एक विरघळलेल्या. सोंडेचा वळसा कळत होता, कान कळत होते. डोळ्यांच्या जागी काही नव्हतं. बावीस डोळे आखले गेले त्या दोन तासांत, आणि त्यांतला एकही कागदावर ठरला नव्हता. मला वाटलं, मी इतकी वर्षं जे शोधत होते ते हेच: एक तरी चित्र, ज्यात करणारा उरला आहे.

दुसरं प्रदर्शन आम्ही कारखान्यातच भरवलं. अनंत चतुर्दशीनंतर फळ्या मोकळ्या होतात. आदल्या महिन्यापर्यंत जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे नुसता रंगांचा वास उरतो. दादांनी तीन दिवस शेड दिली आणि फळ्या स्वतः झाडून घेतल्या. भिंतीवर खिळे न ठोकता मी चित्रं फळ्यांवरच मांडली, मूर्ती टेकवतात तशी. मुंबईत चित्रं डोळ्यांच्या उंचीवर एका रेषेत होती. इथे ती पायापासून छपरापर्यंत होती, आणि खालच्या फळीवरची लहान मुलांना सगळ्यात आधी दिसली. ती उंची मला जास्त पटली. प्रत्येक कोलाजखाली ज्यांचे हात त्यांची नावं, त्यांना विचारून, त्यांनी सांगितली तशी लिहिली होती.

कारागीर घरच्यांना घेऊन आले. आपलं काम रोज पाहणाऱ्या माणसांसमोर चित्र मांडणं ही मोठी परीक्षा आहे, कारण त्यांना 'वातावरण' दिसत नाही, चूक दिसते. घासकामाच्या ताई आपल्या सुनेला घेऊन एका कोलाजपुढे थांबल्या. त्यात त्यांचा हात मी एका रंगवलेल्या मूर्तीच्या खांद्यावर बसवला होता, कारण तिथे उजेड सुंदर जुळत होता. त्या म्हणाल्या, "बाई, हा हात घासतोय. रंग दिल्यावर कोण घासतं? सगळं उतरून जाईल की." सून हसली, पण ताई हसत नव्हत्या. त्यांचं नाव खाली लिहिलेलं होतं, आणि त्यांच्या नावावर चुकीचं काम मांडलेलं होतं. मी ते कोलाज तिथल्या तिथे उतरवलं. रात्री खळ ओली करून हात सोडवला आणि कच्च्या मूर्तीवर बसवला. उजेड तितका जुळत नाही. काम मात्र जुळतं.

मामा शेवटच्या दिवशी आले, गर्दी ओसरल्यावर. त्यांचं चित्र मी दाराशी, ते बसतात त्याच जागेवर ठेवलं होतं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी ते पाहिलं. खूप वेळ काही बोलले नाहीत. मी काय झालं ते समजावून सांगितलं: दोन तास, अकरा मूर्ती, तुम्ही हलला नाहीत म्हणून तुम्ही आलात. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "ते कळलं. पण डोळे नसलेली मूर्ती मांडत नाहीत, बाई."

मी चित्र काढून ठेवते म्हणाले. "काढू नका," ते म्हणाले. "बाकीच्या आहेत ना तुमच्याकडे, तयार?"

बाहेर उन्हात घेतलेल्या पुऱ्या झालेल्या मूर्तींच्या प्रती माझ्या पेटीत होत्या, वेगवेगळ्या मापांच्या. मी त्या पाटावर पसरल्या. मामांनी एकेक उचलून आपल्या चित्रावर धरून पाहिली. मापात बसणारी होती ती त्यांनी बाजूला ठेवली. निवडली ती धुक्यातल्या आकारापेक्षा बोटभर मोठी. मी म्हटलं, ही जरा मोठी होतेय. "होऊ दे. हिची नजर खाली आहे," ते म्हणाले, "मी खाली बसलोय."

मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली. चित्रातल्या आपल्या डोळ्यांपासून सरळ रेषेत, नुसत्या नजरेनं मोजून, धुक्यामध्ये एक ठिपका दिला, आणि त्याच्या शेजारी दुसरा. मी ब्लेडनं मूर्ती कापेपर्यंत ते कुंचल्यासारखी पेन्सिल धरूनच बसले होते. खळ लावून ती ठिपक्यांवर टेकवताना माझा हात किंचित वर गेला, तर त्यांनी माझं मनगट धरून तो खाली आणला. रात्रभर वर वजन ठेवायला हवं होतं. मामा उठले आणि कोपऱ्यातून एका जुन्या साच्याचा अर्धा तुकडा घेऊन आले.